मुकादमाला सांग

पलंगाच्या उशाकडचा शेवटचा नट काही केल्या फिरेना. ठकीनं पाना दोन्ही हातांत धरला, गुडघा लोखंडी पट्टीला टेकवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. पाना सटकला. डाव्या हाताच्या बोटाचं साल निघालं. नट जागच्या जागी.

"अगं, पलंगवाला यायचाय ना संध्याकाळी? त्याचं तो उघडेल की," खिडकीशी खुर्चीत बसलेली आत्या म्हणाली.

"तो घाई करतो. आणताना भिंतीला केवढा ओरखडा काढलाय बघ."

"मग नेताना आणखी एक काढेल. जोडी होईल."

ठकी हसली नाही. तिनं पुन्हा पाना लावला.

पलंग भाड्याचा होता. पायथ्याशी एक हँडल, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. त्यावर हवेची गादी, गादीला नळी, नळीला छोटा पंप. बाबा त्या पलंगावर होते तितके महिने तो पंप अखंड घूं घूं करत होता. तो बंद केल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की ठकीला स्वतःच्या चपलांचा आवाजही आगाऊ वाटायचा. ग्रंथालयातल्या नोकरीमुळे तिला शांततेची सवय होती; पण तिथली शांतता माणसांनी मिळून पाळलेली असते. ही कुणी पाळत नव्हतं. ही नुसती होती.

ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी बसवलं तिथं बसून राहायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता केस पांढरे व्हायला लागले होते आणि त्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं उरली होती. त्यांतलं एक गेल्या आठवड्यात गेलं. दुसरं खुर्चीत बसून तिला शिकवत होतं.

"उलटा फिरवतेयस."

"सरळच फिरवतेय."

"मग उलटा फिरवून बघ. काही माणसं असतातच तशी."

नट ज्या कोपऱ्यात होता, तिथंच त्या दिवशी ठकी उभी होती. कानाला फोन, फोनवर परगावी असलेला दादा. डॉक्टर काही सांगतात का, अजून किती दिवस, असं त्यानं विचारलं होतं. आणि ठकी म्हणाली होती, "मला नाही माहीत, दादा. खरं सांगू? आता सुटले तर बरं. त्यांच्यासाठी नाही म्हणत मी. माझ्यासाठी म्हणतेय."

आवाज चढला नव्हता. ती तशीही हळूच बोलायची. वळून पाहिलं तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले होते, जसे ते झटका आल्यापासून बहुतेक वेळ असायचे. पण दुसऱ्या दिवशी तिनं दुधाचा चमचा ओठांना लावला, तर ओठ उघडले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर चमच्याचं काम उरलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गिळायची ताकदच जाते, हे व्हायचंच होतं. तिनं आडून विचारलं, त्यांना ऐकू येत असेल का हो? "छे! त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तुम्ही उगाच डोकं शिणवू नका." नर्सबाईही तेच म्हणाल्या. ठकीचा प्रत्येकावर विश्वास बसला होता, आणि प्रत्येक वेळी तो एखादी दुपार टिकला होता.

"रक्त येतंय तुझ्या बोटाला."

"काही नाही गं."

"ये म्हणते ना इकडे. पलंग पळून जात नाही."

आत्यानं मांडीवरच्या जुन्या अभ्र्याला दातांनी चीर दिली आणि एका ओढीत पट्टी फाडली. पट्टी सरळ निघाली, रेघ मारून कापावी तशी. आत्या तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या, शिवणाच्या दुकानात वाढलेली. तिची बोटं आता वाकडी झाली होती, पण कापड हाती आलं की त्यांना जुनं आठवायचं.

"आप्पा असते तर आधी पाहिलं असतं कापडाला डाग पडला का," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. "आणि मुकादम आला असता बोट चाटायला."

ठकीच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा काहीतरी हललं.

ह्या घरात कुणाला फार जड झालं की मुकादमाची गोष्ट निघायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पोर नापास झालेलं असो, कुणाचं लग्न मोडलेलं असो, जेवणं उरकली की बाबा खाकरायचे आणि म्हणायचे, "मुकादमाचं एकदा काय झालं..." ठकीनं मुकादमाला पाहिलं नव्हतं, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी तो गेला. तरी त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला होता, हे तिला स्वतःच्या कानांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

आजोबा, म्हणजे आत्याचे आणि बाबांचे आप्पा, युद्धात तोफखान्यात होते. परत येताना इतरांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशात कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि कान तिथंच ठेवून आले. ठार बहिरे. लष्कराच्या डॉक्टरांनी तसं सांगूनच घरी धाडलं होतं. त्यांनी आपलं शिवणाचं दुकान पुन्हा उघडलं. दुकान पुढे, घर मागे, मधे पडदा. गिऱ्हाईक दारात येऊन खाकरून खाकरून परत जायचं, तोवर आप्पांची मान मशीनवरून वर व्हायची नाही. मग ते पिल्लू मोठं झालं आणि आपण होऊन शिकलं. कुणी आलं की टेबलाखालून उठायचं आणि आप्पांच्या पायडलवरच्या पायावर पंजा ठेवायचं. जेवायची वेळ झाली की विजारीचा काठ ओढायचं. एरवी टेबलाखाली बसून कोण काय करतंय ते बघायचं. एखादं शिकाऊ पोर बटणांची काजं करता करता उठलं की गुरगुरायचं. म्हणून मुकादम.

घराला मग तीच सवय लागली. आप्पांना काही सांगायचं तर आप्पांना सांगायचं नाही, मुकादमाला सांगायचं. "मुकादम, जेवायला बोलाव." "मुकादम, कोटवाले आलेत, सांग." आजीची जीभ म्हणजे कात्री. "दोघांचे मिळून कान चार, उभा एकच," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. "लोकांच्या भिंतींनासुद्धा कान असतात, माझ्या नवऱ्यालाच नाहीत." एकदा भांडणाच्या भरात ती कुत्र्यावरच ओरडली, "जा, सांग त्यांना, मरा म्हणावं!" मुकादम गेला, विजार ओढली, आप्पा हात धुऊन आले आणि ताट कुठाय म्हणून बघत बसले. बाबा ही गोष्ट सांगताना आजीचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही चेहरा करायचे.

"कुत्र्याचा जास्त जमायचा त्याला," आत्या म्हणाली.

"आणि मग म्हातारा झाला आणि झोपेतच गेला," ठकी म्हणाली. बाबांची गोष्ट नेहमी इथं संपायची.

आत्या पट्टीची गाठ मारत होती. हात थांबले.

"झोपेत नाही गेला तो."

"बाबा तर—"

"बाळ्या, तुझा बाबा, शाळेत होता. घरी आल्यावर सांगितलं त्याला, झोपेत गेला म्हणून. लहान होता. मग तेच राहिलं." तिनं गाठ पुरी केली. "मी होते जवळ."

ठकी खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसली. पाना अजून उजव्या हातात होता.

"मागच्या खोलीत चिंध्यांच्या ढिगावर निजवला होता त्याला. पाय उचलवत नव्हते. मी शेजारी बसून काजं करत होते. आई बाहेर गेलेली. पुढे आप्पांचं मशीन चालू, कोटाचं जाड कापड, खडखड खडखड. आणि मुकादमानं आवाज काढला. आवाज तरी कसला गं! दाराची कडी वाऱ्यानं जराशी हलावी, तेवढा. मी हातभर अंतरावर होते, तरी मला वाटलं श्वासच घेतला त्यानं."

खालच्या रस्त्यानं कुणी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"आणि मशीन बंद पडलं."

ठकीनं वर पाहिलं.

"पडदा सरकवून आप्पा आत आले. मला काही विचारलं नाही. सरळ खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान तसंच होतं. त्याच बोटानं त्याच्या त्या पडक्या कानामागं खाजवत राहिले. तो जाईपर्यंत."

"मग?"

"मग काय?" आत्या म्हणाली. "त्यांना बोलवायला कोण गेलं होतं? मी जागची हलले नव्हते. आणि बोलवायला जाणारा तर मांडीवर पडला होता."

ठकीला क्षणभर फक्त ती खोली दिसली, चिंध्यांचा ढीग आणि त्यावर वाकलेली एक पाठ. मग बाकीचं तिच्यापर्यंत पोचलं.

"म्हणजे आजोबांना—"

"येत होतं ऐकू."

"कधीपासून?"

"कुणास ठाऊक. आले तेव्हा खरंच बहिरे होते. मी त्यांच्या मागे मुद्दाम पातेलं पाडून पाहिलंय, पापणी हलायची नाही. मग हळूहळू परत आलं असणार. वर्षानं म्हण, दोन वर्षांनी म्हण. सांगितलं नाही कुणाला, एवढंच. नंतर मला एकेक आठवायला लागलं. शेजारच्या कार्ट्यानं एकदा पाठीमागं कागदाची पिशवी फोडली होती. आप्पा वळले नाहीत, पण कापडावर कात्री तिरकी गेली. कापडच वाईट आहे म्हणाले. आणि गिऱ्हाइकं! माप देता देता दोघं दोघं काय काय बोलायची त्यांच्यासमोर. अख्ख्या गावात कुणाचं कुणाशी काय, ते देवाला नि आप्पांना ठाऊक."

ठकी पान्याकडे बघत होती. तिला एक झगा आठवला. आजोबांच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून ती बाहुलीशी बोलायची. मुलांच्या विजारींना खिसे असतात, मला कुणी खिसा देत नाही, असं ती बाहुलीला म्हणाली होती. बाहुलीशिवाय कुणालाच नाही. पुढचा झगा शिवून आला त्याला दोन खिसे होते, आतून दुहेरी शिवलेले. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला सुचलं बघ कसं! आजोबा तिच्या डोक्यावर हात ठेवून हसले होते, बहिरी माणसं हसतात तसं, कशाला हसायचं ते न कळल्यासारखं.

"तू विचारलं नाहीस त्यांना?"

"विचारणार होते. मुकादमाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, जा, हाक मार त्यांना जेवायला, आता ते कुत्रंही नाही. मी गेले. ते मशीनवर, पाठ माझ्याकडे. मी उंबऱ्यातूनच हळू म्हटलं, 'आप्पा.'" आत्यानं तो शब्द आताही तितक्याच हळू उच्चारला. "पायडल थांबलं. पण ते वळले नाहीत गं. मी उभी, ते बसलेले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मी पुढे गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा दचकले, एकदम दचकल्यासारखे वळले, आणि म्हणाले, 'अरे, जेवायची वेळ झाली का?' तेवढ्यावरच आमचं ठरलं."

"आणि मग रोज?"

"मग रोज. मीच मुकादम झाले. गिऱ्हाईक आलं, जा, खांद्याला हात लाव. फक्त विजार ओढायची तेवढी बाकी ठेवली."

दोघी हसल्या. हसू लवकर संपलं.

"पण का गं? कशासाठी?"

"तेही एकदाच म्हणाले. मी नोकरीला परगावी निघाले तेव्हा. पोचवायला आले होते. भोवती गडबड, गोंगाट. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'बहिऱ्याला कुणी विचारत नाही, तिथं लढाईवर काय काय झालं.' बस. आणि माझी ट्रंक उचलून आत ठेवली."

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. ठकीला वाटलं गोष्ट संपली. पण आत्या खिडकीबाहेर बघत बोलत राहिली, आता जरा खालच्या सुरात.

"ते ऐकतात हे कळल्यावर मला आनंद नाही झाला. भीती वाटली. घरात काय काय बोललं गेलं होतं त्यांच्यासमोर! आईचं तर विचारू नकोस. एकदा बाळ्या तापानं फणफणलेला, छत गळतंय, आणि आप्पा आपले शांतपणे कोटाला अस्तर लावतायत. तिचं डोकंच फिरलं. त्यांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, 'त्या तोफेनं नुसते कान कशाला नेले? अख्खा माणूस न्यायचा होता. हे काय, ना धड नवरा, ना धड भिंतीवरचा फोटो.'"

आत्यानं हे सांगताना आजीचा आवाज काढला नाही.

"आप्पा तेव्हा सुईत दोरा ओवत होते. मुकादम गेल्यावर मला सगळ्यात आधी तेच आठवलं. त्यांचा हात. पहिल्या खेपेला दोरा आत गेला गं."

ठकीनं पाना फरशीवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून सावकाश ठेवला.

"मग काय केलं त्यांनी?"

"अस्तर लावलं. आईचाच कोट होता तो. जुना उसवून तिला नवा करून देत होते."

"रागावले नसतील?"

"असतील की. लाकडाचे होते का? पण राग आला म्हणून अस्तर अर्ध्यावर सोडतात का?"

"आजीला कधी कळलं?"

"नाही. कळू दिलं नाही त्यांनी. ती जायच्या आधी मी तिथंच होते. आप्पा उशाशी बसलेले. तिला धाप लागत होती, तरी बोलायची हौस. त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, 'मी फार बोलले हो तुम्हांला. बरं झालं, ऐकू येत नव्हतं.' मला वाटलं, आता सांगतील. आता तरी." आत्यानं मान हलवली. "ते आपले तिच्या कपाळावर हात ठेवून भिंतीकडे बघत बसले. काही ऐकूच न आल्यासारखे."

ठकी उठली. पलंगापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून हँडलवर हात ठेवला. हँडलचा रंग एका ठिकाणी उडाला होता, तिच्याच तळव्यानं. ह्या खोलीत ती किती वेळा आली होती, चादर बदलायला, कूस वळवायला, औषध द्यायला. त्यांना ऐकू येत नाही असं सुरुवातीलाच सांगितलं गेल्यावर तिनं बोलणं सोडून दिलं होतं. बाबांशी मोठ्यानं बोलायची ती आत्या. रोज येऊन बसायची आणि भाजी महाग झाल्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं ऐकवायची. ठकीला तेव्हा ते वेडेपणाचं वाटायचं. त्या महिन्यांत ह्या चार भिंतींत तिनं स्वतः सलग असं काय उच्चारलं होतं, ते आठवायचा ती प्रयत्न करत राहिली. त्या एका फोनपलीकडे काही सापडेना.

"आत्या."

"हं."

"बाबांना येत होतं का गं ऐकू? शेवटी शेवटी?"

आत्यानं मांडीवरचा अभ्रा सारखा केला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मग झालं तर." जरा वेळानं तिनं प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, "आप्पांचंही डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणा."

हँडलवरचा हात घट्ट झाला. ठकी वळली नाही. पलंगाच्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत, ग्रंथालयात बोलतात तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "दादाचा फोन आला होता त्या दिवशी, तू होतीस इथं."

"असेन. रोजच असायचे."

"स्वयंपाकघरात होतीस. दूध गाळत होतीस. मधलं दार उघडं होतं."

मागून कापडाची हलकी सळसळ ऐकू आली.

"काही ऐकलंस का तू?"

आत्या मांडीवरच्या उरलेल्या अभ्र्याची घडी घालत होती. काठाला काठ जुळवला, चौपदरी केली, मग आठपदरी. घडी तळव्यानं दाबली.

"मी? छे गं," ती म्हणाली. "माझे कान कुठे राहिलेत आता! तू बोलतेस तेसुद्धा मी ओठ बघून ओळखते."

ठकी तशीच उभी राहिली, तिच्याकडे पाठ करून.

आत्यानं घडी बाजूला ठेवली. मग आत्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाथरूममधला नळ घट्ट बंद कर बघू जाऊन. मघापासून टपकतोय."

ठकीनं कान दिला. तिला काही ऐकू आलं नाही. ती खोलीबाहेर पडली, स्वयंपाकघराच्या दारावरून पुढे गेली, बोळ ओलांडला. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. दाराला हात लावेपर्यंतही काही नाही. दार ढकललं, आणि मग दिसला. नळाच्या तोंडाशी एक थेंब भरत होता. तो लोंबला, थांबला, मग खालच्या बादलीत पडला. टप. त्यानंतर दुसरा भरायला इतका वेळ लागला की ठकीला वाटलं, आता येणारच नाही.

तिनं उजव्या हातानं नळ पिळला. तोटी बोटांत रुतेपर्यंत पिळला. मग तशीच उभी राहून तिनं उघड्या दारातून मागं पाहिलं. बोळाच्या टोकाला खोली, खोलीत खुर्चीची पाठ आणि आत्याचा पांढरा अंबाडा. स्वयंपाकघर त्या बोळाच्या अर्ध्या वाटेवर. आणि पलंग, फोनवर बोलताना ती जिथं उभी होती तिथून, हात लांब केला तर उशीला लागेल इतका जवळ.

ओठ घट्ट मिटून ती तिथं थांबली. श्वास सरळ झाल्यावर परत आली.

आत्या खिडकीबाहेर बघत होती. "टपकत होता ना?"

"नाही गं," ठकी म्हणाली. "बंदच होता. तुला भास झाला."

"असेल," आत्या म्हणाली. "म्हटलं ना, कान गेलेत."

ठकी तिच्या पायाशी बसली. आत्यानं न बघताच हात खाली नेला, चाचपून तिचा उजवा हात शोधला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला. तो ओला होता. आत्या खिडकीबाहेरच बघत राहिली.